टाकीचं झाकण आणि माणसाचं तोंड

४ जानेवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. गेले तीन दिवस मी गाडीखालीच साष्टांग पडून आहे, त्यातला एक नमस्कार तुमच्या दिशेने होता असं समजा.

फोन केला की मामी घेते आणि म्हणते, "त्यांना पत्रच टाक बाई." शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. पण अडला हरी म्हणतात तसं झालंय, म्हणून काचेच्या दुकानातले पाठकोरे कागद घेऊन बसले आहे. शुद्धलेखनातल्या चुका काढू नका, गाडीतली चूक काढा.

बाबांची पिकअप गचके खाते. बंद पडत नाही, काळा धूर ओकत नाही, सकाळी पहिल्या सेल्फला उठते. पण चालता चालता मध्येच कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखी अडते, सुटते, पुन्हा अडते. वैतागून बाजूला घेतली, थोडा वेळ थांबले, की पुढे काही अंतर शहाण्यासारखी चालते. मग पुन्हा तेच.

आता यात माझं काय अडलंय ते सांगते. नोव्हेंबरच्या शेवटी मला काचवाल्या शेठचं काम मिळालं. साठ किलोमीटरवर नवं वाचनालय उभं राहतंय, त्याच्या चौसष्ट खिडक्यांच्या काचा मी पोचवते. हौद्यात तिरपी लाकडी घोडी ठोकून घेतली आहे, त्यावर काचा उभ्या, मध्ये कागद, वरून पट्टे. शेठ माणूस टापटिपीचा. मधल्या कागदावर डिझेलचा एवढासा डाग दिसला तर दिवसभर बोलून दाखवायचे, पण त्या डागांचा बंदोबस्त मी पहिल्याच आठवड्यात केला. गचके सुरू झाले तेही साधारण तेव्हापासूनच. काचेचं वजन तिला झेपत नसावं असं मला वाटतं.

आतापर्यंत तीन काचा तडकल्या. चौदा फेब्रुवारीला वाचनालयाच्या दर्शनी भागाची काच जायची आहे, अखंड, दोन माणसं उंच. ती तडकली तर दुसरी यायला दोन महिने, आणि उद्घाटन वीस तारखेला. शेठ म्हणाले, "ताई, तुमचा हात चांगला आहे, पण गाडीला आवरा. नाहीतर मला दुसरी गाडी बघावी लागेल." बाबा गेल्यापासून गाडी दादाच्या नावावर आहे हे तुम्हाला माहीत आहेच. तो ऑफिसातून येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि घरात जातो.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस माझ्या नात्यात आहे, आणि मी जगाच्या दारात का जाऊ?

तुमची,
भिंगरी


९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्राला नव्याने द्यावे लागत नाहीत.

फोन करू नकोस. फोनवर गाड्या दुरुस्त होत नाहीत, नुसत्या गप्पा होतात. कागदावर लिहिताना माणूस निदान एकदा विचार करतो.

वजनाचं म्हणशील तर याच गाडीत तुझ्या बाबांनी दगड वाहिलेत. काच तिला काय जड आहे? मला विचारशील तर दोष तुझ्या डाव्या पायात आहे. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. तुझे बाबा तेच करायचे, मी शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर पट्टी मारायचो. खाण तशी माती. अर्धवट दाबलेला क्लच चढावर घसरतो आणि तुला वाटतं गाडी अडली.

तरी मी आंधळेपणाने सांगणार नाही. एक वही कर. गचका बसला की बाजूला थांबून लिही: निघाल्यापासून किती किलोमीटर झाले, कोणता गिअर, चढ का सपाटी, हौद्यात काय, टाकीत किती. गचका नाही बसला तर तेही लिही. न बसलेला गचका बसलेल्याइतकाच कामाचा असतो, आणि तो कुणी लिहून ठेवत नाही.

आणि गॅरेजवाल्याकडे गेलीस तर तो काय करतो ते बघत उभी राहा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. चहा प्यायला जाऊ नकोस.

मामा


१७ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार आहेतच, तेही दर पत्राला नव्याने लागत नसावेत.

तुमचं पत्र वाचून मला राग आला आणि रागाच्या भरात मी डावी चप्पल काढून मागे टाकली. सहा दिवस गिअर बदलण्यापुरताच क्लचला पाय लावला, एरवी पाय दाराला टेकवून ठेवला. पायाला मुंग्या आल्या, गचके थांबले नाहीत. तेव्हा खाण वेगळी आणि माती वेगळी हे तुम्ही मान्य करावं.

गॅरेजवाल्याकडे गेले. तुम्ही सांगितलंत तशी खांबासारखी उभी राहिले. त्याने आधी टाकीचं झाकण उघडलं, नळी घालून बाटलीत डिझेल काढलं आणि पाणी आहे का ते उन्हात धरून बघितलं. पाणी नव्हतं. मग फिल्टर बदलला. मग नोझल काढून तपासले, पुसले, बसवले. मग मला शेजारी बसवून वीस किलोमीटर फिरवलं. एक गचका नाही. लग्नाला दाखवायच्या मुलीसारखी मान खाली घालून चालत होती. तो म्हणाला, "ताई, गाडी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या." दुसऱ्या दिवशी काचा भरून निघाले तर चाळिसाव्या किलोमीटरला गचके सुरू. पुन्हा त्याच्याकडे नेली, पुन्हा त्याने बाटली भरली, पुन्हा शहाणी. आता मला येताना बघून तो दुसऱ्या गाडीखाली जातो.

वहीतलं उतरवून देते. सोमवार, काचा सोळा, टाकी फुल, बावीस किलोमीटरला पहिला गचका, चौथा गिअर, सपाटी. मंगळवार, काचा बारा, टाकी अर्धी, सत्तेचाळीस किलोमीटर, चढ. बुधवार, रिकामी, गावातल्या गावात, गचका नाही. गुरुवार, फुल टाकी, चोवीस किलोमीटर. शनिवार, पाव टाकी, साठ किलोमीटर, गचका नाही. यावरून मला तरी एकच दिसतं, की पंपावरचं डिझेल खराब आहे. जास्त भरलं की जास्त खराब. पंप बदलून बघते.

मामा, एक विचारते. मी फोन बॉनेटजवळ धरला आणि तुम्ही नुसतं ऐकलंत तर काय हरकत आहे? लहानपणी तुम्ही घरात बसून रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचात, हिचा तिसरा सिलिंडर झोपलाय. परक्यांच्या गाड्या ऐकायचात, मग भाचीची ऐकायला काय झालं? बाबा गेल्यापासून मी तुमच्याकडे आले नाही म्हणून रागावला असाल तर तसं लिहा. मनात ठेवू नका.

भिंगरी


२२ जानेवारी

भिंगरे,

रागावलेलो नाही. फोनमधून गाडीचा खरा आवाज येत नाही, डबा वाजतो नुसता. तो विषय संपला.

क्लचचं मागे घेतो. चप्पल पुन्हा घाल, काचेचं काम करणाऱ्या बाईने अनवाणी फिरू नये.

तुझ्या वहीवरून मला हे दिसतं: रिकामी असताना गचका नाही, भरलेली असताना आहे. म्हणजे ताण पडला की काहीतरी सुटतं आणि पकडतं. गाडीखाली जा, इंजिनपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट धर आणि दोन्ही हातांनी पिळून बघ. त्याच्या टोकाला सांध्यात क्रॉस असतो. तिथे बोटभर जरी ढिला वाटला तरी तो बदलून घे. माझ्या मते तोच आहे. डिझेलचं खूळ डोक्यातून काढ, पंपवाल्याने तुझं काही घोडं मारलेलं नाही.

मामा

हे मी लिहिते आहे, मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. यांना ऐकू येत नाही गं. दीड वर्ष झालं. उजवा कान पार गेला, डावा असून नसल्यासारखा. यंत्र आणलं तर त्यात म्हणे सगळं जग घासलेल्या पत्र्यासारखं वाजतं, ते कपाटात पडलंय. कुणाला सांगायचं नाही अशी तंबी आहे. कुणी गाडी घेऊन आलं की म्हणतात, वेळ नाही. दिवसभर वेळच वेळ आहे. रोज पेटीतले सगळे पाने-पक्कड पुसून पुन्हा ओळीने लावतात, एवढंच काम. म्हणतात, ज्याला इंजिन ऐकू येत नाही तो कसला मिस्त्री. तुझं पत्र आलं की मात्र चष्मा शोधायला घर पालथं घालतात. मी हे लिहिलं ते कळलं तर आरडाओरडा करतील. करू देत, घरात तेवढाच आवाज.


३० जानेवारी

ती. मामा,

क्रॉस खरंच ढिला होता. बदलला. गाडी आता वळताना खडखडत नाही, आणि गचके जसेच्या तसे आहेत.

काल चौथी काच गेली. शेठनी तुकडे स्वतः उचलले, कागदात गुंडाळले आणि हात धुतले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "दहा तारखेपर्यंत मला ती सरळ चालवून दाखवा. नाहीतर मोठी काच दुसऱ्या गाडीत जाईल."

आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. डिसेंबरमध्येच एक कोंबडीवाला गाडी बघून गेलाय. दोनदा आला, हौद्यात पिंजरे किती बसतील ते हाताने मोजून गेला. दादा म्हणतो, "बाबांची आठवण म्हणून ठेवली होती, काचा फोडायला नाही." मी त्याच्याशी भांडले, रडले, मग सौदा केला. मोठी काच धड पोचली तर गाडी माझ्या नावावर. नाही पोचली तर पंधरा तारखेला कोंबडीवाला किल्ली घेऊन जाईल. मामा, मला दुसरं काही येत नाही असं नाही. पण स्टिअरिंगला हात लावला की मला मी कोण आहे ते कळतं, ते दुसऱ्या कशाने कळत नाही. मला ही गाडी हवी आहे.

तुमचंच म्हणणं पटलं, फोनमधून खरा आवाज येत नाही. म्हणून मी काल दिवसभर कान देऊन गाडी ऐकली आणि लिहून पाठवते आहे. वेडेपणा वाटला तर मामीला वाचून दाखवा, तिला करमणूक.

सकाळी किल्ली फिरवली की घसा खाकरल्यासारखं दोनदा खर्र, मग चालू. चालू झाल्यावर एकसारखी धडधड, कुठे तुटत नाही. पहिल्या गिअरमध्ये रडका सूर, दुसऱ्यात तोच सूर जरा मोठा झालेला. चौथ्यात मस्त गुणगुणते. हौद्यात पट्ट्यांची किरकिर, कागदाची सळसळ. गचका यायच्या आधी कुठे ठण नाही, खट नाही. आधी तिची गुणगुण बारीक होते, म्हणजे लांब गेल्यासारखी. मग एक ठोका गाळते, मग दोन, आणि मग गचका. भूक लागलेल्या माणसाच्या हातातून काम सुटावं तसं वाटतं मला. पाय दाबला की आणखी वाईट. बाजूला उभी केली की शांत, फक्त मागच्या बाजूने कुठेतरी पत्रा आत-बाहेर झाल्यासारखा एक टप् आवाज येतो. तो कशाचा ते मला सापडलं नाही.

पंप बदलला, काही फरक नाही. नव्या पंपावरचा माणूस हसतो मला. झाकण काढायला मला दोन्ही हात लागतात, आणि निघालं की टाकी आधी एक लांबलचक श्वास आत ओढते, सूँऽऽ करून, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. तो म्हणतो, "ताई, गाडी दमली तुमची."

मीही दमले आहे, पण मी बोलून दाखवते एवढाच फरक.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरे,

सापडली.

तुझं पत्र मी दुपारी वाचलं, श्वासापाशी आलो आणि ताडकन उठलो ते पाय टेबलाला आपटून. मामी धावत आली, तिला वाटलं काही अशुभ बातमी आहे. मी तिला तेलाचा डबा मागितला.

तूही एक डबा घे, भरलेला. झाकणाला एकच भोक पाड आणि तेल ओत. बघ कसं पडतं. धार लागत नाही, गचके खात पडतं, बुडबुड, थांबतं, पुन्हा बुडबुड. आता शेजारी दुसरं भोक पाड. सरळ धार. दुसऱ्या भोकातून तेल येत नाही, हवा आत जाते. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. तुझी टाकी म्हणजे एका भोकाचा डबा झाली आहे.

तुझ्या वहीत हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, मी गाढवासारखा वजन बघत बसलो. टाकी फुल असली की आत हवेला जागा थोडी, ती लवकर ताणली जाते, म्हणून बावीस किलोमीटर. अर्धी असली की जागा जास्त, म्हणून सत्तेचाळीस. पाव टाकीला साठ किलोमीटरमध्ये वेळच येत नाही. खराब डिझेलला टाकी किती भरली आहे ते कळत नसतं. रिकाम्या गाडीने तू गावातच फिरलीस, म्हणून गचका नव्हता. आणि तुझा गॅरेजवाला बिचारा दर वेळी आधी झाकण उघडायचा. झाकण उघडलं की टाकीने श्वास घेतला, गाडी बरी. डॉक्टरने पडदा सरकवला आणि रोगी उठून बसला, आणि डॉक्टरला वाटलं की याला काही झालंच नव्हतं. तो टप् आवाज म्हणजे आत ओढलेला टाकीचा पत्रा सुटण्याचा.

आता खरी गोष्ट. तुझ्या बाबांच्या पिकअपला हवा आत घ्यायचं भोक झाकणातच असतं, टाचणीएवढं. ते तू बुजवलं आहेस. पहिल्याच पत्रात लिहिलंस की डिझेलच्या डागांचा बंदोबस्त केला. काय बंदोबस्त केलास ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. झाकणाखाली रबराची चकती कापून बसवली आहेस ना? आणि ती बसवायला तुला कुणी शिकवलं तेही मला माहीत आहे. तू दहा वर्षांची होतीस, माझ्या जुन्या गाडीच्या झाकणाचे आटे गेले होते, मी ट्यूबचं रबर कापून घातलं आणि तुला ऐटीत म्हणालो, "टाकीचं झाकण आणि माणसाचं तोंड, दोन्ही घट्ट पाहिजे." त्या गाडीला हवेची नळी वेगळी होती. ते मी सांगितलं नाही. मुलांना निम्मं शिकवलं की असं होतं. तुझ्या चार काचा मी फोडल्या.

चकती लगेच काढू नकोस. आधी पुरावा, मग उपाय. नाहीतर गाडी कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही, आणि दादासारख्यांना पटतही नाही. टाकी फुल कर, काचांऐवजी वाळूची पोती टाक, दादाला शेजारी बसव. गचके सुरू झाले की थांबून फक्त झाकण उघड, श्वास ऐकव त्याला, पुन्हा घट्ट लाव. गचके जातील आणि साधारण तेवढ्याच अंतरानंतर परत येतील. आले की चकती काढून फेक आणि भोक तारेने साफ कर. डाग नको असतील तर टाकी गळ्यापर्यंत भरू नकोस, चार बोटं कमी ठेव.

आणखी एक. मामीने मागच्या पाकिटात काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण मला कळलं. तू दोन पानं नुसते आवाज लिहिलेस आणि कशासाठी ते लिहिलं नाहीस. कान गेलेत माझे. दीड वर्ष तोंडाला चकती लावून बसलो होतो. तुझ्या पत्रात मी दीड वर्षांनी पहिल्यांदा एक गाडी ऐकली, आणि ऐकली ती अचूक ऐकली. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं.

मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामा,

क्रमानेच सांगते, नाहीतर तुम्ही पत्र परत पाठवाल.

चकती होती. दुकानातल्या खिडकीच्या रबराची, गोल कापलेली, मी स्वतः केलेली आणि मला तिचा अभिमान होता. तुमचं पत्र वाचल्यावर मी गाडीजवळ गेले आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिले. लगेच उपटावीशी वाटत होती. पण पुरावा म्हणालात, म्हणून हात मागे घेतला.

रविवारी दादाला बसवलं. तो पेपर घेऊन बसला होता. तेविसाव्या किलोमीटरला गुणगुण बारीक झाली. मी म्हटलं, "दादा, आता ठोका गाळेल." गाळला. "आता दोन." मग गचका बसला आणि पेपर त्याच्या मांडीवरून खाली गेला. उतरून झाकण उघडलं, दादाचा हात धरून तोंडापाशी नेला. टाकीने त्याचा तळवाच आत ओढला. त्याने हात झटकला आणि म्हणाला, "जिवंत आहे की काय ही?" झाकण घट्ट लावलं, निघालो. गचका नाही. पुढे दोघांचे डोळे किलोमीटरच्या आकड्यावर. एकवीस, बावीस. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मी गचक्याची वाट बघत होते. चोविसाला आला आणि दादाने डॅशबोर्डवर थाप मारली. चकती त्यानेच काढली, भोक त्यानेच तारेने साफ केलं. मग आम्ही वाळूची पोती घेऊन नव्वद किलोमीटर उगाच फिरलो. चढावर, उतारावर, चौथ्या गिअरमध्ये, सगळीकडे. परत येताना तो म्हणाला, "बाबा असते तर आज चालवायला मागितली असती." मी म्हटलं, "क्लचवर पाय ठेवून." तो इतका हसला की डोळे पुसायला लागले, आणि मीही.

दहा तारखेला शेठ गाडीत शेजारी बसले. हातात पाऊण भरलेला पाण्याचा पेला. "हा सांडला नाही तर बोलू," म्हणाले. साठ किलोमीटर. वाचनालयाच्या दारात उतरून त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला. मोठी काच माझ्याच गाडीत जाणार हे मला कळलं.

चौदाला मोठी काच. आठ जणांनी उचलून घोडीवर चढवली, सगळे दबक्या आवाजात बोलत होते. दादा सुट्टी काढून मागे दुसऱ्या गाडीत आला होता, मला न सांगता. मी चाळीसच्या वर गेले नाही. सत्तेचाळीसवा किलोमीटर येताना मी काच खाली करून तिची गुणगुण ऐकत राहिले. तो गेला आणि मागे राहिला. शेवटचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. वाचनालयाशी पोचले तेव्हा आत सगळं रिकामं, नुसती कपाटं. काच बसवायला दोन तास लागले. बसली, माणसं बाजूला झाली, आणि मी वळून बघितलं तर त्या काचेत आख्खी पिकअप दिसत होती, हौद्यासकट, आणि पुढे मी. मी तिथे सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही. मग पायरीवर बसून दादाने डबा उघडला आणि आम्ही दोघं जेवलो.

कोंबडीवाल्याला दादाने सांगून टाकलं. कागदपत्रांवर आता माझं नाव येतंय, काल सह्या केल्या. शेठकडचं पुढचं कामही माझं आहे. आणि गॅरेजवाल्याने तुमचा पत्ता लिहून घेतला. त्याच्याकडे एक गाडी महिनाभर पडून आहे, तिचा आवाज तो लिहून पाठवणार आहे. मी त्याला बजावलंय, नुसतं 'खडखड येते' असं लिहिलंस तर मामा उत्तर देणार नाहीत.

चकती सोबत पाठवते आहे. फेकायला सांगितली होती, पण तुमच्या शिकवणीतलं हे निम्मं तुमच्याकडेच असावं.

आता गाडी ऐका. तिसरा गिअर, चढ, हौद्यात काच. आवाज असा: जाड, भरलेला, एकसारखा, कुठेही तुटत नाही. माथ्यावर आल्यावर पाय उचलला की एक हलका हुंकार, आणि उतारावर मग ती स्वतःशीच गुणगुणते.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरे,

चकती पोचली. मी तिला मधोमध भोक पाडलं आणि हत्यारांच्या पेटीच्या किल्लीला लावली. पेटी उघडताना ती दरवेळी हाताला लागते, तेवढी शिक्षा पुरे.

तुझ्या गॅरेजवाल्याचं पत्र आलं. माणूस वाईट नाही, पण लिहिता येत नाही. 'इंजिन आवाज करतं' असं लिहिलंय. मी उत्तर धाडलं की इंजिनाने आवाजच करायचा असतो. कसा करतं, कधी करतं, आणि कधी करत नाही ते लिही. काल दुसरं आलं, चार पानी. सुधारतोय. दोष मला दिसलाय, पण आधी त्याच्याकडून पुरावा मागवलाय.

आमच्या गल्लीतही कळलं. मामीने सांगितलं, दुसरं कोण सांगणार. फाटकावर मी पाटी लावली आहे: 'मिस्त्रीला ऐकू येत नाही. गाडीचं दुखणं कागदावर लिहून आणावं.' मामी म्हणाली, पहिलं वाक्य कशाला जाहीर करता. मी म्हटलं, राहू दे, झाकणाला भोक असावं. परवा एक, काल दोन आले. ओट्यावर बसून तिघंही शाळेतल्यासारखे लिहीत होते, आणि लिहिता लिहिता एकाला आपल्याच गाडीचा दोष सापडला. तो मला न विचारताच उठून गेला. कानाचं यंत्र मी कपाटातून काढलंय. पत्र्यासारखंच वाजतं, पण मामीची हाक कळते.

चौदा तारखेच्या चढावरचं तू लिहिलंस ते मी ओट्यावर उन्हात बसून वाचलं. तिसरा गिअर, हौद्यात काच, कुठे तुटत नाही. मग माथा, पाय उचललास, हुंकार. मामीने विचारलं, कागद मिटून डोळे झाकून काय बसलात. मी म्हटलं, थांब जरा, भाचीची गाडी उतरते आहे, ऐकू दे.

मामा